पोर्ट रॉयल, जमैका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्ट रॉयल म्हटलं की लोक आधी चाच्यांबद्दल विचारतात. आम्ही आधी वाळूबद्दल सांगतो, कारण गाव का वसलं, श्रीमंत कसं झालं आणि दोन-तीन मिनिटांत पाण्याखाली कसं गेलं, याचा उलगडा त्या वाळूतूनच होतो. चाचेही येतील, पण थोड्या वेळाने.

हे गाव नेमकं कुठे आहे?

जमैका बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, राजधानी किंग्स्टनच्या समोर. किंग्स्टनच्या पूर्वेकडून वाळूचा एक अरुंद दांडा समुद्रात निघतो आणि किनाऱ्याला जवळजवळ समांतर पश्चिमेकडे जातो. त्याला पॅलिसेडोज म्हणतात. लांबी साधारण १३ किलोमीटर. रुंदी काही ठिकाणी एवढीच की रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांचे दगड मावले की जमीन संपली. या दांड्याच्या अगदी टोकाला पोर्ट रॉयल. उत्तरेला किंग्स्टनचं शांत बंदर, दक्षिणेला उघडा कॅरिबियन समुद्र.

अक्षांश बघाल तर गाव आपल्या हरिहरेश्वर-महाबळेश्वरच्या ओळीत, १८ अंश उत्तरेच्या किंचित खाली येतं. पण कोकणची सवय इथे एका बाबतीत फसवते. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं. इथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम वीत-दीड वीत. ओहोटीला दूरवर उघडी पडणारी पुळण इथे नाहीच. म्हणूनच पाण्याच्या काठाला चिकटून घरं बांधायची हिंमत लोकांना झाली.

हा दांडा तयार कसा झाला?

पूर्वेकडच्या ब्लू माउंटन्सचं सर्वात उंच शिखर २,२५६ मीटर आहे आणि समुद्र तिथून फार लांब नाही. एवढ्या तीव्र उतारावरून होप, यालास अशा नद्या गोटे, खडी आणि वाळू थेट समुद्रात आणून टाकतात. वारे वर्षातला बहुतेक काळ पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून वाहतात, त्यामुळे लाटा किनाऱ्यावर तिरप्या आदळतात. तिरपी लाट वाळू थोडी पुढे ढकलते, परतताना सरळ खाली ओढते, आणि पुढच्या लाटेला तेच. अशी वाळू नागमोडी चालीने पश्चिमेकडे सरकत राहते. वाटेत प्रवाळांची छोटी बेटं होती. वाळू त्यांना अडकत गेली आणि बेटं एकमेकांना जोडली गेली.

पोर्ट रॉयल हे मुळात त्यातलं शेवटचं बेट. दांड्याशी त्याचा सांधा कायमच कच्चा राहिला, वादळात तुटायचा आणि पुन्हा भरायचा. गावाखाली पक्का खडक नाही, सुट्या वाळूचा आणि खडीचा जाड थर आहे. दीड-दोन हात खणलं की पाणी लागतं, आणि तेही खारं. गोडं पाणी इथे कधीच नव्हतं. पिण्याचं पाणी पिंपांत भरून बंदरापलीकडच्या रिओ कोब्रे नदीवरून होड्यांनी यायचं.

नाव कुठून आलं?

स्पॅनिश लोक या जागेला कागवाया म्हणत. इंग्रजांनी त्याचं ‘कॅगवे’ केलं. मे १६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका स्पेनकडून घेतलं आणि लगेच दांड्याच्या टोकावर किल्ला बांधायला घेतला. तेव्हा इंग्लंडमध्ये राजाच नव्हता, क्रॉमवेलची सत्ता होती, म्हणून तो फोर्ट क्रॉमवेल. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला, तसा तोच किल्ला फोर्ट चार्ल्स झाला आणि वस्तीचं पोर्ट रॉयल. हाच तो चार्ल्स, ज्याला १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालकडून मुंबई मिळाली. मुंबई त्याने १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पोर्ट रॉयल मात्र हातातच ठेवलं, कारण तेव्हा पैसा तिथे होता.

पाणी नाही, शेती नाही, तरी शहर इथेच का?

दांड्याच्या बंदराकडच्या बाजूला किनारा पाण्यात एकदम खोल उतरतो. मोठी जहाजं थेट काठाला लागायची. माल आधी होडीत, मग होडीतून किनाऱ्यावर, हा दुहेरी खर्च वाचायचा. बंदराच्या तोंडावरच किल्ला असल्यामुळे आत येणारं प्रत्येक जहाज तोफांच्या टप्प्यात. आणि स्पॅनिश अमेरिकेतून युरोपला जाणाऱ्या चांदीच्या वाटा इथून हाकेच्या अंतरावर.

पैशाचे स्रोत तीन होते. पहिला, स्पॅनिश जहाजांची आणि गावांची लूट. दुसरा, स्पॅनिश वसाहतींशी चोरटा व्यापार. स्पेनने आपल्या वसाहतींना परक्यांशी व्यापार करायला बंदी घातली होती, त्यामुळे कापड, लोखंडी सामान, पीठ अशा साध्या मालालाही तिथे चढा भाव मिळायचा. तिसरा स्रोत सर्वात काळा : आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची विक्री. १६७२ मध्ये सनद मिळालेल्या रॉयल आफ्रिकन कंपनीची जहाजं इथे लागत. इथून ही माणसं जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर जात किंवा स्पॅनिश व्यापाऱ्यांना विकली जात. गावातल्या विटांच्या माड्या उभ्या राहिल्या त्यात लुटीपेक्षा या दोन व्यापारांचा वाटा मोठा होता, हे आवर्जून सांगायला हवं. चाच्यांची गोष्ट रंगतदार असल्यामुळे ही बाजू झाकली जाते.

१६९२ पर्यंत जेमतेम ५१ एकरांवर सुमारे ६,५०० माणसं आणि २,००० इमारती झाल्या होत्या. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत बोस्टनच्या तोडीचं हे शहर.

मग हे चाच्यांचं गाव होतं की नव्हतं?

होतं, पण शब्द नीट वापरायला हवेत. सरकारी परवाना घेऊन शत्रूची जहाजं लुटणारा तो परवानाधारक लुटारू, इंग्रजीतला प्रायव्हेटियर. परवान्याशिवाय कोणालाही लुटणारा तो चाचा. काम एकच, कागद वेगळा. हा कागद जमैकाचा गव्हर्नर द्यायचा, कारण बेटाच्या रक्षणाला पुरेसं आरमार इंग्लंड पाठवत नव्हतं. लुटारू गावात राहिले की त्यांच्या भीतीने स्पेन हल्ला करणार नाही, असा सरळ हिशेब होता.

हेन्री मॉर्गन हा यातला सर्वात यशस्वी. १६६८ मध्ये पोर्टोबेलो, १६६९ मध्ये माराकाइबो आणि १६७१ मध्ये पनामा शहर त्याने लुटलं. पनामाच्या वेळी घोटाळा झाला. १६७० मध्येच माद्रिदचा तह होऊन इंग्लंड-स्पेनमध्ये समेट झाला होता. मॉर्गनला पकडून लंडनला नेलं, आणि तिथे शिक्षेऐवजी ‘सर’ हा किताब देऊन जमैकाचा उपगव्हर्नर म्हणून परत पाठवलं. म्हातारपणी जुन्या साथीदारांना पकडून देण्याचं कामही त्याने केलं. २५ ऑगस्ट १६८८ रोजी तो वारला आणि पॅलिसेडोजवरच्या दफनभूमीत पुरला गेला. चार वर्षांनी, १६९२ च्या भूकंपात, ती दफनभूमीच समुद्रात गेली, त्यामुळे त्याच्या थडग्याचा पत्ता विचारू नका.

सिनेमातले प्रसिद्ध चाचे इथेच राहत होते ना?

राहत नव्हते, इथे फासावर गेले. ‘कॅलिको जॅक’ रॅकम याला १८ नोव्हेंबर १७२० रोजी पोर्ट रॉयलच्या गॅलोज पॉइंटवर फाशी दिली आणि प्रेत येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना दिसावं म्हणून बंदराच्या तोंडाजवळच्या छोट्या बेटावर टांगलं. त्या बेटाला आजही रॅकम्स की म्हणतात. त्याच्या जहाजावरच्या अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड यांचा खटला तेव्हाची राजधानी स्पॅनिश टाउन इथे चालला. दोघींनी गरोदर असल्याचं सांगितल्यामुळे त्यांची फाशी थांबली. मेरी रीड पुढच्या वर्षी तुरुंगातच वारली. चार्ल्स व्हेनला मार्च १७२१ मध्ये इथेच लटकवलं. या सगळ्या घटना भूकंपानंतरच्या आहेत. मॉर्गनचं मौजमजेचं पोर्ट रॉयल आणि रॅकमचं फाशीचं पोर्ट रॉयल यांत एका पिढीचं अंतर आहे. सिनेमे दोन्हींची खिचडी करतात.

७ जून १६९२ रोजी काय झालं?

आधी तारखेबद्दल. इंग्रज तेव्हा जुनं जूलियन कॅलेंडर वापरत होते. आजच्या कॅलेंडरप्रमाणे तो दिवस १७ जून येतो. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या तर दोन्ही बरोबर आहेत.

सकाळी पावणेबाराच्या सुमारास, काही मिनिटांत एकामागून एक तीन हादरे बसले. तिसरा सर्वात जोरदार. गावचे पाद्री इमॅन्युएल हीथ सकाळची प्रार्थना आटोपून जेवणाआधी कडू वाईनचा पेला घ्यायला थांबले होते. सोबत होते परिषदेचे अध्यक्ष जॉन व्हाइट. त्यांच्या पाइपातली तंबाखू संपायची होती म्हणून हीथ यांचा पुढच्या जेवणाच्या ठिकाणी जायचा बेत लांबला, आणि ते वाचले. ज्या घरी जायचं होतं ते पहिल्याच धक्क्यात गेलं. हीथ यांच्या पत्रांतून त्या दिवसाचे बरेच तपशील आपल्याला कळतात.

बंदराच्या बाजूचे रस्ते, धक्के, गोदामं एका दमात खाली गेले. गावाच्या ५१ एकरांपैकी सुमारे ३३ एकर, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश भाग पाण्याखाली गेला. फोर्ट जेम्स आणि फोर्ट कार्लाइल हे किल्ले बुडाले. मागोमाग समुद्र आत आला. डागडुजीसाठी कलवून ठेवलेली ‘स्वान’ ही युद्धनौका लाटेने उचलून घरांच्या छपरांवर नेली. तिला धरून कित्येक जणांचे जीव वाचले. दांड्याचा सांधा तुटून पोर्ट रॉयल पुन्हा बेट झालं. सुमारे २,००० माणसं त्याच दिवशी गेली आणि पुढच्या काही आठवड्यांत जखमांनी आणि तापांनी आणखी तितकीच किंवा त्याहून जास्त.

हीथ आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी याला पापी गावावरचा देवाचा कोप म्हटलं. तो कोप नेमका बंदराकडच्या बाजूवर आणि नेमका विटांच्या घरांवर का झाला, याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

गाव पडलं नाही, बुडालं. असं का?

हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झालं ते वेगळं होतं. तिथे दगड-मातीच्या जाड भिंती आणि धाबी झोपलेल्या माणसांवर कोसळली. जमीन जागेवर होती. पोर्ट रॉयलला जमिनीनेच साथ सोडली. याला मातीचं द्रवीभवन म्हणतात.

सुट्या वाळूत दाणे एकमेकांना टेकून उभे असतात आणि मधल्या पोकळ्यांत पाणी भरलेलं असतं. इमारतीचा भार दाण्याकडून दाण्याकडे जातो, पाण्यावर येत नाही. हादरा बसला की सैल दाणे घट्ट बसू पाहतात. त्यासाठी मधल्या पाण्याने बाहेर पडायला हवं, पण काही सेकंदांत ते पडू शकत नाही. मग पाण्याचा दाब वाढतो, दाणे एकमेकांपासून सुटतात आणि सगळा भार पाण्यावर येतो. तेवढ्यापुरती वाळू दाट आमटीसारखी वागते. जड वस्तू खाली जाते, पोकळ वस्तू वर येते. हादरे थांबले, पाण्याचा दाब उतरला की वाळू पुन्हा घट्ट होते, आणि आत जे अडकलं ते तसंच आवळलं जातं. कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत वाळूत रुतून मेलेल्या माणसांची जी वर्णनं आहेत ती यामुळेच.

घरी बघायचं असेल तर असं करा. एका टबात १२-१५ सेंटीमीटर जाडीची बारीक, स्वच्छ वाळू न दाबता ओता. कडेने हळूहळू पाणी सोडा. वाळूच्या पृष्ठभागाला ओल आली की थांबा. वर अर्धी वीट उभी ठेवा. आता टबाच्या बाजूवर हाताने भराभर थापा मारा. वीट कलते, रुतते आणि वाळूवर पाण्याचा थर येतो. रिकामी प्लास्टिकची डबी आधी वाळूत पुरून ठेवली असेल तर ती वर येते. प्रयोग फसला तर कारण बहुधा तिनांपैकी एक असतं : वाळू ओतताना दाबली गेली, पाणी कमी पडलं, किंवा वाळू जाड, खडीवजा होती. एकदा थापा मारून वाळू घट्ट बसली की तीच वाळू दुसऱ्यांदा तितकी सुटत नाही. उकरून पुन्हा सैल करावी लागते.

आता यावर इंग्रजांची घरं ठेवून बघा. त्यांनी लंडनसारखी विटांची दोन-तीन, काही ठिकाणी चार मजली घरं बांधली. शिवाय काठाची जागा महाग म्हणून उथळ पाण्यात लाकडी खुंट ठोकून, भराव घालून जमीन वाढवली आणि सर्वात जड गोदामं त्याच भरावावर उभी केली. त्यापलीकडे तळ एकदम खोल, म्हणजे सुटलेली वाळू घसरायला उतार तयारच. जहाजांसाठी जी खोली वरदान होती, तिनेच रस्ते पोटात घेतले. बुटकी, जमिनीत खोल खांब रोवलेली स्पॅनिश पद्धतीची लाकडी घरं अशा हादऱ्यांना जास्त टिकतात, हे बेटावर माहीत होतं. पण ती गरिबांची दिसत.

एक माणूस जमिनीने गिळला आणि परत बाहेर टाकला म्हणतात. थाप का?

थाप म्हणता येत नाही. लुईस गाल्डी हा फ्रान्सच्या माँपेलिएचा व्यापारी. त्याच्या थडग्यावरच्या लेखात लिहिलं आहे की एका धक्क्यात जमिनीने त्याला गिळलं, दुसऱ्या धक्क्याने समुद्रात फेकलं, आणि होडी येईपर्यंत तो पोहत राहिला. त्यानंतर तो ४७ वर्षं जगला, जमैकाच्या असेंब्लीचा सदस्य झाला आणि १७३९ मध्ये ८० व्या वर्षी वारला. पातळ झालेल्या वाळूत माणूस रुतणं आणि पुढच्या हादऱ्यात दाबाखालचं पाणी-वाळू उसळून त्याला वर ढकलणं शक्य आहे. तो सुटला कारण पुढचा हादरा वाळू घट्ट होण्याआधी आला. थडगं आज सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे.

भूकंपानंतर गाव पुन्हा का उभं राहिलं नाही?

प्रयत्न झाला. वाचलेली बरीच माणसं समोरच्या किनाऱ्यावर गेली. त्या छावणीतून किंग्स्टन शहर वसलं. पण व्यापाऱ्यांना तो खोल काठ सोडवेना, ते परतले. जानेवारी १७०३ मध्ये आग लागली आणि दाटीवाटीच्या, पळायला जागा नसलेल्या गावाची राख झाली. १७२२ मध्ये मोठं चक्रीवादळ आलं. तोवर व्यापार किंग्स्टनला स्थिरावला होता. १८७२ मध्ये राजधानीही स्पॅनिश टाउनहून तिकडेच गेली.

पोर्ट रॉयल उरलं ते ब्रिटिश आरमाराचं ठाणं म्हणून. १७७९ मध्ये फ्रेंच हल्ल्याची भीती असताना फोर्ट चार्ल्सचा ताबा काही काळ विशीतल्या होरेशिओ नेल्सनकडे होता. आरमाराची गोदी १९०५ मध्ये बंद झाली. १९०७ ला भूकंप, १९५१ ला चार्ली चक्रीवादळ. त्यात तर मोजकीच घरं धड उरली. आज इथे जेमतेम दोनेक हजार वस्तीचं, मुख्यतः मासेमारीवर जगणारं गाव आहे.

बुडालेलं शहर दिसतं का? डाइव्हिंग करता येतं?

किनाऱ्यावरून काहीही दिसत नाही. निळ्याशार पाण्यात उभे मनोरे अशी जी चित्रं फिरतात ती कल्पनेतली. अवशेष काही मीटर खोलीवरच आहेत, पण गाळाखाली. आणि किंग्स्टनच्या बंदराचं पाणी इतकं गढूळ की पाणबुड्याला बरेचदा आपलाच हात दिसत नाही. शिवाय हे संरक्षित क्षेत्र आहे. जमैका नॅशनल हेरिटेज ट्रस्टच्या परवानगीशिवाय तिथे डाइव्ह करता येत नाही, आणि हौशी पर्यटकाने परवानगी मिळेल असं धरून तिकीट काढू नये. जुलै २०२५ मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

मग पाण्याखाली काय सापडलं, आणि ते टिकवतात कसं?

१९५९ मध्ये एडविन लिंक यांच्या मोहिमेला पितळी खिशातलं घड्याळ मिळालं. काटे गंजून गेले होते. वरच्या कवचाचा एक्स-रे काढल्यावर त्यांचे ठसे दिसले : ११ वाजून ४३ मिनिटं. १९६० च्या दशकात रॉबर्ट मार्क्स यांनी उत्खनन केलं. १९८१ ते १९९० या काळात टेक्सास ए अँड एम विद्यापीठ आणि इन्स्टिट्यूट ऑफ नॉटिकल आर्किऑलॉजी यांनी डॉनी हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखाली लाइम स्ट्रीटच्या परिसरातल्या आठ इमारती खणल्या. इथे वस्तू थरांत मिसळलेल्या नाहीत; सगळं त्या एका दुपारच्या आधीचं. मातीचे तंबाखूचे पाइप, चिनी मातीची भांडी, विटांच्या जमिनी. सायमन बेनिंग या स्थानिक कारागिराची जस्तासारखी दिसणारी कथिलाची ताटंही आहेत, त्यांवर त्याचा अननसाचा शिक्का.

वर काढणं हा सोपा भाग. समुद्रातलं लोखंड क्षारांनी भरलेलं असतं. ते उन्हात वाळू दिलं तर काही आठवड्यांत त्याच्या पापुद्र्या सुटतात आणि शेवटी हातात भुगा येतो. म्हणून वस्तू पाण्यातून काढली की पाण्यातच ठेवायची. मग कॉस्टिक सोडा किंवा धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात तिला ऋण टोक जोडायचं, भोवती स्टीलची जाळी धन टोक म्हणून, आणि कमी दाबाचा एकदिश प्रवाह महिनोन्‌महिने सोडायचा. तोफेसारख्या वस्तूला वर्षंही लागतात. द्रावणातलं क्लोराइड मोजत राहायचं. ते वाढायचं थांबलं की उकळत्या शुद्ध पाण्यात धुणं, टॅनिक आम्लाचा लेप आणि वर मेणाचा थर. घाईत प्रवाह वाढवला तर हायड्रोजनचे बुडबुडे जोरात सुटून वरचा मूळ पृष्ठभागच उडतो, आणि त्याबरोबर शिक्के-अक्षरंही. लाकडाचं दुखणं उलटं : पेशींतलं पाणी उडालं की ते आक्रसून फुटतं, म्हणून पाण्याच्या जागी पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन हळूहळू मुरवतात.

जमिनीवर काय बघावं?

चार जागा, अर्धा दिवस पुरतो.

फोर्ट चार्ल्स. बांधला तेव्हा याच्या तीन बाजूंना लाटा आदळत; भरभराटीच्या काळात इथे १०४ तोफा होत्या. आज समुद्र बराच लांब दिसेल, कारण तीच पश्चिमेकडे सरकणारी वाळू भूकंपानंतर किल्ल्याभोवती साचत गेली. आत छोटं सागरी संग्रहालय आहे.

गिडी हाउस. किल्ल्याशेजारचं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं तोफखान्याचं कोठार. १४ जानेवारी १९०७ च्या भूकंपात खालची वाळू पुन्हा पातळ झाली आणि इमारत न मोडता कलून अर्धी रुतली. आत सरळ उभं राहताना तोल जातो, कारण डोळे भिंतींना उभं समजतात आणि कानातला तोल सांभाळणारा भाग वेगळंच सांगतो. चक्कर येणाऱ्यांनी दारातूनच बघावं. द्रवीभवन समजून घ्यायला याहून चांगली जागा आम्हाला माहीत नाही.

जुनं नौदल रुग्णालय. १८१८ च्या सुमाराचं. ओतीव लोखंडाचे खांब-तुळया इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या बोलिंग कारखान्यात ओतून, जहाजाने आणून इथे जोडल्या. हलकी, सांध्यांची चौकट असल्यामुळे १९०७ च्या भूकंपातही ते उभं राहिलं. डागडुजीअभावी बाहेरूनच बघावं लागण्याची तयारी ठेवा.

सेंट पीटर्स चर्च, १७२५-२६ चं, आणि तिथलं गाल्डीचं थडगं.

जायचं कसं आणि कधी?

किंग्स्टनचा नॉर्मन मॅन्ली विमानतळ याच वाळूच्या दांड्यावर आहे, त्यामुळे विमानतळाहून गाव शहरापेक्षा जवळ. शहरातून टॅक्सीने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. डाउनटाउनमधून सरकारी बसही जाते. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो, हे आधी तपासा. डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा. २०२० पासून तरंगत्या धक्क्यावर क्रूझ जहाजं लागतात. त्या दिवशी किल्ल्यात गर्दी असते, एरवी शुकशुकाट. सावली कमी, वाळू तापते. सकाळी नऊच्या आत पोहोचलेलं बरं. पोहायचं असेल तर गावातून होडी करून लाइम की या छोट्या बेटावर जातात. तिथे दुकानांचा भरवसा नाही, पाणी सोबत न्यावं.

पुन्हा असं होऊ शकतं का?

होऊ शकतं. जमैका उत्तर अमेरिकन आणि कॅरिबियन भूपट्टांच्या सीमेवर आहे आणि वाळू तीच आहे. १९०७ ने ते दाखवून दिलं. चक्रीवादळांचा धोका तर वारंवारचा. २००४ च्या आयव्हन वादळात लाटांनी दांड्यावरचा रस्ता वाळूने गाडला आणि गावाचा संपर्क तुटला. त्यानंतर रस्ता उंच करून दोन्ही बाजूंना मोठे दगड लावले. दांड्याच्या बंदराकडच्या अंगाला तिवरांची जंगलं आहेत. ती लाटा अडवतात आणि वाळू धरून ठेवतात, म्हणून २००५ पासून हा परिसर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. नव्या बांधकामाला लाकडी किंवा हलकी चौकट आणि खोल पाया हेच शहाणपण. तिथे असताना जोराचा किंवा लांबलेला हादरा जाणवला तर भोंग्याची वाट न बघता पाण्याच्या काठापासून दूर व्हा. चढायला टेकडी इथे नाही, मजबूत इमारतीचा वरचा मजला एवढाच आधार.

जमैकातले भारतीय इथेच उतरले का?

नाही. १० मे १८४५ रोजी पहिले भारतीय करारबद्ध मजूर पश्चिमेकडच्या ओल्ड हार्बर बे इथे उतरले. बहुतेक जण उत्तर भारतातले होते. मराठी वस्तीचा असा धागा इथे सापडत नाही.

खायला काय मिळतं?

तळलेला मासा आणि बॅमी. मासा अख्खा, कुरकुरीत तळून त्यावर व्हिनेगरमध्ये मुरवलेला कांदा, गाजर आणि स्कॉच बॉनेट मिरची घालतात. याला एस्कोव्हिच म्हणतात. ही मिरची लवंगीच्या सवयीनेही जपून खावी, बिया काढायला सांगा. बॅमी म्हणजे कसाव्याची जाड भाकरी, ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. कडू जातीच्या कंदात विषारी सायनाइड तयार होतं, म्हणून कंद किसून, फडक्यात घालून रस पूर्ण पिळून टाकतात. मग मीठ घालून तव्यावर कड्यात थापतात आणि दोन्ही बाजूंनी भाजतात. खाण्याआधी नारळाच्या दुधात भिजवून पुन्हा तळतात. भिजवायला पाच-दहा मिनिटं पुरतात, जास्त ठेवली की तव्यावर तुकडे होतात. साबुदाणा वडा उपासाला चालणाऱ्यांना बॅमी चालते का, हेही विचारलं जातं. कंद तोच आहे. पण ज्या तेलात ती तळतात त्यात आधी मासा तळलेला असतो.